आत ओढलेली स्तनाग्रं: बहिणीच्या लग्नाआधी ऑपरेशन करावं का?

सेलूची थोरली
१८ मार्च, रात्री १०.४०

विषय अवघड आहे. घरात बोलायला कुणी नाही म्हणून इथं लिहितेय. पुरुष सभासदांनीही वाचावं, त्यांच्याही घरात लेकी-बहिणी आहेत.

माझी धाकटी बहीण पंचवीस वर्षांची. वैशाखात लग्न आहे. परवा गच्चीवर कुरडया घालत होतो. आई चीक हलवायला खाली गेली तेवढ्यात हातातला सोऱ्या तसाच धरून ही म्हणाली, "ताई, मी ऑपरेशनची तारीख घेतलीय." माझ्या पोटात धस्स झालं. मग एकेक करून सगळं बाहेर पडलं.

वयात आल्यापासून तिची दोन्ही बोंडं आत आहेत. उजवं थंडीत किंवा हात लागला की आपसूक बाहेर येतं. डावं दाबलं तर येतं, पण सोडलं की लगेच आत. दुखत नाही, पाणी-पू काही नाही. पण हॉस्टेलला होती तेव्हापासून ती मैत्रिणींसमोर कपडे बदलत नव्हती, हे मला परवा कळलं. एका छताखाली वाढलो आणि मला माहीत नव्हतं, याचंच जास्त वाईट वाटलं.

तिनं मोबाइलवर शोधून एका मोठ्या शहरातलं क्लिनिक गाठलं. तिथल्या माणसानं पाच मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलून सांगितलं, पाऊण तासाचं काम आहे, तेवढ्याच जागेला भूल देऊ, त्याच दिवशी घरी. शिकवणीच्या पैशातून साठवलेले दहा हजार तिनं भरून टाकले. "पुढं बाळाला पाजता येईल ना?" असं विचारलं तर उत्तर मिळालं, "ते नंतरचं नंतर बघू."

हे उत्तर माझ्या घशाखाली उतरत नाही. ऑपरेशनच करावं लागतं का? दुसरं काही असतं का? आणि नाहीच केलं तर लेकरू पिऊ शकतं का?


लेबर रूमची सिस्टर
१८ मार्च, रात्री ११.२५

ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे तुम्हाला झोप लागेल. हो, पिऊ शकतं. मी एकोणीस वर्षं बाळंतिणींमध्ये काढलीत. तुम्ही सांगताय तशा बोंडांच्या बाया दर महिन्याला येतात आणि त्यातल्या बहुतेक जणी पाजूनच घरी जातात.

आता नीट सांगते. अंगठा आणि पहिलं बोट बोंडाभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला ठेवायचं आणि हलकेच आत दाबायचं. बोंड बाहेर आलं आणि थोडा वेळ टिकलं, तर ती पहिली पायरी. आलं पण सोडताच परत गेलं, तर दुसरी. चिमटीत धरूनही येतच नाही, उलट आणखी आत जातं, ती तिसरी. १९९९ साली दोन कोरियन सर्जननी ही विभागणी लिहिली आणि आता सगळीकडं तीच चालते. तुमच्या बहिणीचं उजवं पहिल्या पायरीचं दिसतंय, डावं दुसऱ्या. अर्थात हातानं बघितल्याशिवाय पक्कं म्हणता येत नाही.

असं होतं काहून? बोंडाच्या मागं दूधनळ्या असतात आणि त्यांच्याभोवती चिवट तंतू. काहींच्या नळ्या जन्मतः आखूड असतात, तंतू ताणलेले असतात आणि बोंडाला खालून आधार देणारा भाग कमी भरलेला असतो. गोधडीला मधे टाका ओढून घेतला की तिथं खळगी पडते ना, तसंच. टाका सैल असला तर कापड वर येतं. घट्ट असला तर येत नाही. पहिल्या पायरीत नळ्या चांगल्याच असतात. दुसरीत थोड्या ओढलेल्या. तिसरीत नळ्या आखडलेल्या असतात, तिथं मात्र पाजायला खरंच अडचण येते.

बहिणीनं काही चुकीचं केलं म्हणून हे झालेलं नाही. घट्ट कपड्यांनी होत नाही, पोटावर झोपल्यानं होत नाही. तिला हे स्पष्ट सांगा. मुली मनातल्या मनात स्वतःला दोष देत राहतात.


कोयत्यावरची लेक
१९ मार्च, सकाळी ६.१०

सिस्टर बोलल्या ते खरंय. मपली भावजय मागच्या साली ऊसतोडीला असतानाच बाळंत झाली, पश्चिम महाराष्ट्रात. तिचे बोंडं सपाट. लेकरू तोंड लावायचं, सुटायचं, अन् रडून रडून निळं व्हायचं. टोळीतल्या बाया म्हणल्या हिला दूधच नाही, बाटली आणा. बाटली कोपीत कुठं उकळणार? पाणी टँकरचं.

तव्हा तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईनं नवी सिरिंज घेतली, पुढचं टोक कापलं अन् तिच्यानं बोंड ओढून दाखवलं. सहा-सात दिवसांत लेकरू दोन्हीकडून प्यायला लागलं. दूध होतंच की, त्याला धरायला जागा नव्हती एवढंच.


दोघांची माय
१९ मार्च, सकाळी ९.०५

सिरिंजची पद्धत कुणीतरी नीट लिहा. माझ्या जावेनं अर्धवट ऐकून कापलेल्या बाजूनंच लावली आणि चांगलीच जखम करून घेतली.


लेबर रूमची सिस्टर
१९ मार्च, दुपारी २.४०

ड्यूटी संपली, आता लिहिते. जखम होते ती नेमकी याच चुकीनं, म्हणून सावकाश वाचा.

नवी, न वापरलेली सिरिंज घ्यायची, सुईशिवाय. दहा मिलीची, बोंड मोठं असेल तर वीसची. आतला दट्ट्या काढून घ्यायचा. सुई बसते ते टोक धारदार ब्लेडनं सरळ कापून टाकायचं. आता दट्ट्या कापलेल्या बाजूनं आत घालायचा. म्हणजे कंपनीची जी गुळगुळीत कड असते, बोटं ठेवायला पंख असतात ती बाजू, ती अंगाला लागते आणि कापलेली धार बाहेर राहते. एवढीच मेख आहे.

बोंड मधोमध येईल अशी सिरिंज टेकवायची आणि दट्ट्या हळूहळू ओढायचा. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. अर्धा ते एक मिनिट तसं धरायचं. काढताना दट्ट्या आधी आत ढकलून हवा सोडायची, मगच उचलायचं. ओढलेल्या स्थितीतच उपटली तर कातडी सोलते. बाळाला घेण्याच्या अगदी आधी करायचं, म्हणजे बोंड बाहेर असतानाच बाळ धरतं. वापरून झाली की साबणाच्या गरम पाण्यानं धुवून, सुकवून झाकणाच्या डब्यात ठेवायची. एकीची दुसरीला द्यायची नाही.

ही युक्ती परदेशातून आलेली नाही. शेजारच्या कर्नाटकात, दावणगेरेच्या डॉक्टरांनी १९९३ साली ती शास्त्रीय मासिकात मांडली. आता ती जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तनपानाच्या प्रशिक्षणातही शिकवतात. पाच-सात रुपयांची सिरिंज आहे. मला तिचा फार अभिमान वाटतो. ज्या बाईला पंप परवडत नाही तिच्या हातात ती देता येते.


सातवा महिना
१९ मार्च, दुपारी ४.१५

मला सातवा सुरू आहे, जालन्याजवळ राहते. माझंही एक आत आहे. व्हिडिओत दोन अंगठ्यांनी उभं-आडवं ताणायचा व्यायाम दाखवतात, तो आतापासून केला तर बाळंतपणापर्यंत बाहेर येईल का? सासूबाई रोज तेल लावून ओढायला सांगतात.


लातूरकर डॉक्टर
१९ मार्च, संध्याकाळी ७.३०

बाई, तो व्यायाम करू नका आणि तेल लावून ओढणंही थांबवा.

त्याला हॉफमन व्यायाम म्हणतात. १९५० च्या दशकातला आहे. ऐकायला पटतं, की ताणलं तर तंतू सैल होतील. पण १९९४ साली ब्रिटन आणि कॅनडातल्या साडेचारशेहून जास्त गर्भवतींवर त्याची रीतसर चाचणी झाली. व्यायाम करणाऱ्या, ब्राच्या आत प्लास्टिकच्या वाट्या घालणाऱ्या आणि काहीच न करणाऱ्या अशा बायकांची तुलना केली. बाळ सहा आठवड्यांचं झालं तेव्हा अंगावर पाजण्यात काही फरक निघाला नाही. उलट गर्भारपणात बोंडं सतत चोळली-ओढली तर गर्भाशय आकुंचन पावू शकतं. ज्यांना आधी कमी दिवसांत प्रसूती झालीय किंवा रक्तस्राव झालाय, त्यांनी तर हात लावूच नये.

गर्भारपणात शेवटी शेवटी बोंडं आपोआपही थोडी पुढं येतात, स्तन भरतो तसा. तुमचं खरं काम बाळ झाल्यावरच्या पहिल्या तासात आहे. प्रसूतीला जाल तिथल्या नर्सला आत्ताच सांगून ठेवा, "माझं एक आत आहे, पहिल्यांदा लावताना जवळ थांबा." तेवढ्या एका वाक्यानं फार फरक पडतो.

आता मूळ प्रश्नाकडं. मी प्लास्टिक सर्जन आहे, ही ऑपरेशनं स्वतः करतो, म्हणून जबाबदारीनं लिहितो. बोंडाच्या बुडाशी छोटा छेद घेऊन आखडलेले तंतू सोडवायचे आणि बोंड परत बुडू नये म्हणून बुडाभोवती बटव्याच्या नाडीसारखा टाका ओढून घ्यायचा किंवा शेजारच्या त्वचेच्या आतल्या थराचा आधार द्यायचा. दूधनळ्या वाचवून करता येतं, पण मग बोंड पुन्हा आत जाण्याची शक्यता जास्त राहते. तिसऱ्या पायरीत नळ्याच आखडलेल्या असल्यानं बऱ्याचदा त्या कापाव्या लागतात. कापल्या की बोंड बाहेर राहतं, पण त्या बाजूनं पाजणं संपतं. ते परत जोडता येत नाही. काही जणींची तिथली संवेदनाही कमी होते.

म्हणून जिला पुढं लेकरं हवीत तिला मी आधी सांगतो, थांबा. लेकरं होऊ द्या, दूध तुटू द्या, स्तन पुन्हा आपल्या आकारावर यायला काही महिने जाऊ द्या, मग या. त्यानंतरही करावंसं वाटलं तर करू. पाच मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर, हात न लावता, पायरी न ठरवता तारीख देणं चूक आहे. क्लिनिक कुठलं आहे मला माहीत नाही, तरी चूकच.

ऑपरेशनशिवायही एक मार्ग आहे. शिवताना बोटात अंगुस्तान घालतात तेवढी पारदर्शक टोपी असते, तिला बारीक नळी जोडलेली. हवा ओढून घेतली की बोंड टोपीत खेचलं जातं आणि तसंच काही तास राहतं. ब्रिटनमधले प्लास्टिक सर्जन मॅकजॉर्ज यांनी १९९४ मध्ये ती मांडली, निपलेट नावानं. तंतू दिवसेंदिवस हळूहळू ताणले जातात. पहिल्या-दुसऱ्या पायरीत उपयोग होतो, पण महिना-दोन महिने नेटानं वापरावी लागते. दुखलं, रक्त आलं तर ताबडतोब सैल करायची. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वापरायची नाही. ती लग्नाआधी, निवांत असताना करण्याची गोष्ट आहे, म्हणजे तुमच्या बहिणीला चालेल अशी.


एकाच बाजूची आई
१९ मार्च, रात्री ११.५०

इथं कधी लिहिलं नव्हतं. हा धागा वाचून राहवलं नाही.

मी तेवीस वर्षांची असताना ऑपरेशन केलं. डावी बाजू. लग्न ठरलं होतं, तुमच्या बहिणीसारखंच. डॉक्टरांचं नाव मी लिहिणार नाही. कागदावर सही घेतली, त्यात इंग्रजीत काय होतं मला कुणी वाचून दाखवलं नाही. नळ्या कापणार आहेत हा शब्दच माझ्या कानावर आला नाही.

चार वर्षांनी मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी पान्हा फुटला आणि डावा स्तन दगडासारखा झाला. आत दूध आणि बाहेर यायला वाट नाही. ताप १०२. हातानं पिळलं तरी थेंब नाही. मग कळलं. कोबीची पानं, थंड पाण्याच्या पट्ट्या, गोळ्या असं करत आठवड्याभरानं त्या बाजूचं दूध आटलं. ते आटताना मी ज्या पद्धतीनं रडले ते आईनंच बघितलं. मुलगी उजव्या बाजूवर वाढली, आणि छान वाढली, हेही लिहिलं पाहिजे. एका बाजूचं दूध पुरतं. पण माझ्याकडून ते न विचारता काढून घेतलं गेलं.

बोंड आज बाहेर आहे. दिसायला चांगलं आहे. नवऱ्यानं कधी त्यावर शब्द काढला नाही.

तुमच्या बहिणीला सांगा, करायचं तर कर, तुझं शरीर आहे. पण "नळ्या कापणार की ठेवणार" हे मराठीत, कागदावर लिहून घे.


सेलूची थोरली
२० मार्च, सकाळी ७.२०

ताई, तुमची पोस्ट मी बहिणीला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. मग फोन माझ्या हातातून घेऊन तिनं स्वतः परत वाचली.


अंबाजोगाईच्या बाई
२० मार्च, सकाळी १०.००

मी निवृत्त शिक्षिका, वय चौसष्ट. आमच्या काळी या गोष्टीला नाव नव्हतं. "हिच्या अंगावर लेकरू लागत नाही" एवढंच म्हणायचे आणि सगळा दोष बाळंतिणीचा. माझ्या थोरल्या जावेनं या एका वाक्यापायी काय काय ऐकून घेतलं! तिच्या पहिल्या लेकराला बोंडल्यानं गाईचं पाणी घातलेलं दूध पाजलं. जुलाबानं ते सव्वा महिन्यात गेलं. आज सिरिंजचं वाचलं आणि ती आठवली. लिहित राहा पोरींनो.


पूर्णाकाठ
२० मार्च, दुपारी १२.३५

मी पुरुष आहे. धाग्याच्या सुरुवातीला वाचायला सांगितलं म्हणून वाचला आणि एक गोष्ट कुणी लिहिली नाही, ती लिहितो.

माझी आई चौपन्न वर्षांची, हिंगोलीजवळच्या गावात राहते. तिचं एका बाजूचं बोंड चार-पाच महिन्यांत हळूहळू आत गेलं. आधी नव्हतं तसं. तिला वाटलं वय झालं, अंग उतरलं. गावाकडच्या एका डॉक्टरांनी न तपासता मलम दिलं, दोन महिने ते लावलं. शेवटी माझ्या बायकोनं, पाठ चोळून देताना, विचारलं. तिच्यासमोर आई बोलली, माझ्यासमोर कधीच बोलली नसती.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात नेलं. मॅमोग्राफी, मग सुईनं तुकडा काढून तपासणी. कर्करोगच होता. ऑपरेशन झालं, केमोथेरपी झाली, आता आई घरी आहे आणि पुन्हा शेळ्यांच्या मागं फिरते. ते मलमाचे दोन महिने मात्र मला अजून टोचतात.

जन्मापासून आत असणं वेगळं आणि मोठेपणी, एकाच बाजूचं, नव्यानं आत जाणं वेगळं. सिरिंज आणि टोपीच्या गोष्टी वाचून कुणाच्या आईनं घरच्या घरी ओढायला बसू नये.


लातूरकर डॉक्टर
२० मार्च, दुपारी १.१०

पूर्णाकाठ, तुम्ही लिहिलंत ते मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

नव्यानं आत गेलेलं बोंड कर्करोगाचंच असतं असं नाही. नळ्या रुंदावून त्यांना सूज येते, जुना गळू असतो, आपल्याकडं क्वचित स्तनाचा क्षयरोगही निघतो. पण हे तपासणीनंतर म्हणायचं. सोबत गाठ लागत असेल, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची झाली असेल, बोंडातून रक्ताळलेलं पाणी येत असेल, बोंडावर न बरी होणारी खपली-खाज असेल, तर आठवड्याभराचाही उशीर नको. पाजत नसलेल्या बाईच्या स्तनाला मलम देऊन घरी पाठवणारा डॉक्टर असेल तर दुसरा गाठा. संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरी, आमचं लातूरचं, सगळ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सर्जरीची ओपीडी असते. चिठ्ठी काढा आणि "एका बाजूचं नव्यानं आत गेलंय" हेच शब्द वापरा.

पुरुषांनाही हे लागू आहे. पुरुषांत स्तनाचा कर्करोग फार कमी, पण असतो, आणि लाजेपायी उशिरा कळतो.


साधा नवरा
२० मार्च, रात्री ९.४५

बहिणीला भीती होणाऱ्या नवऱ्याची असेल तर माझ्याकडून एवढं सांगा. माझ्या बायकोचं असंच आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली. तिनं पहिल्या महिन्यात घाबरत घाबरत सांगितलं तेव्हा मला कळलं की ही गोष्ट लपवण्यासारखी असू शकते.


दोघांची माय
२१ मार्च, सकाळी ११.३०

आता पाजण्याबद्दल मी लिहिते, कारण माझी दोन्ही बाळंतपणं यातूनच गेली.

सगळ्यात मोठी चूक आपण ही करतो की लेकराला बोंड द्यायला बघतो. लेकरू बोंड पीत नाही, स्तन पितं. बोंडाभोवतीचा काळा भाग जास्तीत जास्त तोंडात गेला पाहिजे. तोंड मोठं आ झालेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. काळा भाग ओठांच्या वरच्या बाजूला जास्त दिसला पाहिजे, खाली कमी. असं लागलं की बोंड आत असलं तरी लेकराची जीभ त्याला बाहेर काढते. माझ्या डाव्या बोंडाच्या बाबतीत जे कुणाला जमलं नव्हतं ते माझ्या मुलानं महिन्याभरात करून टाकलं.

मला काखेतून धरायची पद्धत सोपी गेली. लेकराचं अंग माझ्या काखेखाली, पाय पाठीमागं, डोकं तळहातावर. सिझर झालं होतं म्हणून पोटावर वजनही पडत नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध दाटतं तेव्हा खरी परीक्षा. स्तन एवढा टणक होतो की थोडं बाहेर आलेलं बोंडही सपाट होतं आणि लेकराच्या तोंडातून निसटतं. तेव्हा बोंडाभोवती पाचही बोटांची टोकं ठेवून छातीच्या दिशेनं मिनिटभर दाबून धरायचं. सूज मागं सरते, काळा भाग मऊ पडतो. मग थोडं हातानं पिळून काढायचं आणि लगेच लावायचं. हे मला कुणी सांगितलं असतं तर पहिल्या खेपेच्या तीन रात्री वाचल्या असत्या.

लेकरू लागतच नसेल तोवर चीक आणि दूध हातानं वाटीत पिळून चमच्यानं द्यायचं. चीक थेंबभर निघाला तरी तो सोडायचा नाही. बाटली द्यायची नाही. बाटलीतून धार आपोआप येते, मग स्तन ओढायचे कष्ट लेकरू घेत नाही.


सातवा महिना
२१ मार्च, दुपारी ३.००

मेडिकलवाला म्हणाला, सिलिकॉनची टोपी घ्या, बोंडावर लावून पाजायचं. आणि सोबत पावडरचा डबा पण घेऊन ठेवा म्हणाला.


लेबर रूमची सिस्टर
२१ मार्च, रात्री ८.२०

सिलिकॉनची टोपी सगळ्यात शेवटी. काही बाळं तिच्यामुळंच लागतात हे खरं आहे, पण दूध उतरायच्या आधीच लावली तर दूध कमी पडायची भीती असते आणि मग बाळाला टोपीशिवाय चालत नाही. नर्सच्या नजरेखाली, बाळाचं वजन बघत, थोडे दिवस. घरी स्वतःच्या मनानं नाही.

डबा घेऊ नका. बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, दुकानदारानं असं पुढं करणंही त्यातच येतं. दूध पुरतंय की नाही हे बाळ स्वतः सांगतं. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत. हे दोन्ही असेल तर कुणाचं काही ऐकू नका. नसेल तर आशाताईला बोलवा, रात्री-बेरात्री १०४ ला फोन लावा.


सेलूची थोरली
२ एप्रिल, रात्री ९.१५

सगळ्यांना कळवायला उशीर झाला. बहिणीला घेऊन परभणीला जाऊन आले. डॉक्टरबाई होत्या. दार लावून, दोन्ही बाजू हातानं तपासून, काखाही बघितल्या. उजवं पहिल्या पायरीचं, डावं दुसऱ्या. गाठ नाही, काही नाही. म्हणाल्या, उन्हाळ्यात खळगीत घाम साचतो तर साबण घासायचा नाही, साध्या पाण्यानं धुवून कोरडं करायचं. बस.

बाहेर आल्यावर रसवंतीवर बसलो. बहिणीनं तिथूनच त्या क्लिनिकला फोन लावला आणि तुम्ही सांगितलेला प्रश्न विचारला, नळ्या कापणार की ठेवणार. पलीकडून "मॅडम, तसं काही नसतं" एवढंच. तिनं तारीख रद्द केली. दहा हजारांतले सहा परत येतील म्हणतात. चार गेले.

तिनं लातूरकर डॉक्टरांनी सांगितलेली हवा ओढायची टोपी मागवलीय. रात्री लावते. सांगायची गोष्ट म्हणजे ती हे आता माझ्यासमोर बोलते, आणि काल आईलाही बोलली. आई म्हणाली, "अगं, माझंही एक तसंच होतं. तूच ओढून बाहेर काढलंस."


एकाच बाजूची आई
२ एप्रिल, रात्री ९.४०

आज मी शांत झोपेन.


सेलूची थोरली
२४ ऑगस्ट, सकाळी ८.०५, पुढचं वर्ष

धागा वर काढतेय.

बहिणीला मुलगी झाली, १८ जुलैला, नॉर्मल, २ किलो ६००. टोपीनं डावं बऱ्यापैकी सैल झालं होतं, पण पूर्ण नाही. गर्भारपणात तिनं हात लावला नाही. लेबर रूममध्ये शिरताना तिनं नर्सला तेच वाक्य सांगितलं आणि ती बाई खरंच थांबली. उजव्या बाजूला पोर पहिल्या तासातच लागली. डाव्या बाजूला पाच दिवस सिरिंज, वाटी-चमचा, काखेतून धरणं, सगळं केलं. चौथ्या रात्री दूध दाटून स्तन तापला तेव्हा दोघांची माय यांची पोस्ट उघडून ठेवली आणि मी बोटं लावून दाबत बसले, बहीण दात खाऊन भिंतीकडं बघत होती. पहाटे पोरीनं तोंड उघडलं, लागली, आणि घशातून गटक-गटक आवाज यायला लागला. आम्ही दोघी तो आवाज ऐकत बसलो, दिवा लावला नाही.

सिरिंज अजून स्टीलच्या डब्यात आहे, पण दोन आठवड्यांत लागली नाही. काल आशाताई आल्या होत्या. काट्यावर ठेवली, ३ किलो ५००.